पुराव्यादाखल पाच फोटो

शिक्षक थकले आहेत, हे वरच्या कार्यालयाला एकदा कळलं की कार्यालय काय करतं? शिक्षकांना शनिवारी शाळेत बोलावतं.

पुंता आल्ता या नदीकाठच्या गावातल्या प्राथमिक शाळेत त्या शुक्रवारी दुपारी हेच झालं. शाळा सुटायच्या बेताला आदेश येऊन धडकला, की शिक्षक आणि कर्मचारी यांच्या मानसिक आरोग्यासाठी उद्या 'मनःस्वास्थ्य दिन' साजरा करावा. हजेरी सक्तीची. जो येणार नाही त्याने लेखी खुलासा द्यावा. सोमवारी सकाळपर्यंत सविस्तर अहवाल पाठवावा आणि त्याला पुराव्यादाखल किमान पाच फोटो जोडावेत. आता बघा, आठवडाभर पन्नास-पन्नास पोरांपुढे घसा फोडायचा, वर पोषण आहार, जंताच्या गोळ्या, निवडणुकीची ड्यूटी, वादळग्रस्तांचे तक्ते हे सगळं ओढायचं. त्यात ज्यांच्या डोक्याचा भुगा झालाय त्यांना विसावा द्यायचा, तर त्यांची हक्काची सुट्टी हिसकावून! कसलं डोंबलाचं मनःस्वास्थ्य!

हे सगळं निस्तरायचं काम मारिसेल ओबियासकडे आलं. मारिसेल चौथीच्या वर्गाची शिक्षिका, आणि शाळेची 'मानसिक आरोग्य समन्वयक'. हे दुसरं पद तिला कसं मिळालं ते ऐकण्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला कामं वाटायची सभा होते, त्या दिवशी तिच्या मुलाला ताप होता म्हणून ती आली नव्हती. आमच्याकडे जो सभेला नसतो त्याच्या गळ्यात उरलेलं काम मारतात. शेवटी परसबाग आणि मानसिक आरोग्य अशी दोन कामं उरली होती. परसबाग दुसऱ्या एका गैरहजर शिक्षकाच्या वाट्याला गेली, आणि मारिसेल पुढे वर्षभर म्हणत राहिली की ती मिळाली असती तर निदान घरी वांगी तरी आली असती. शाळेत समुपदेशकाची जागा होती, पण ती कागदावर. त्या खुर्चीत बसलेला माणूस पुंता आल्तात कुणीच पाहिलेला नव्हता.

शनिवारी व्यासपीठावर भलामोठा फलक लागला. मधोमध वरच्या कार्यालयातल्या अधीक्षकांचा चेहरा, बाजूला मुख्याध्यापक फेलिसिसिमो नाव्हा यांचा हसरा चेहरा, आणि उरलेल्या जागेत कार्यक्रमाचं नाव. सिसिमो सर, सगळे त्यांना असंच म्हणत, माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त वरून फोन आला की ते खुर्चीतून ताडकन उभे राहायचे, आणि मग सांगितलेलं सगळं करायचे. सकाळी त्यांनी सगळ्यांना गाण्यावर नाचवलं. गुडघे धरलेल्या स्वयंपाकीणबाई नाचल्या, रात्रपाळी करून आलेला पहारेकरी नाचला. मग पांसितच्या शेवया आणि साखरेत तळलेली केळी झाली. आणि त्यानंतर व्याख्यान. व्याख्याते म्हणून सरांच्या ओळखीतले एक गृहस्थ आले होते, ते एरवी विमा विकतात.

त्या गृहस्थांनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या, मध्ये मेणबत्ती पेटवली आणि सांगितलं, की आता ज्याने त्याने मन मोकळं करावं, इथे बोललेलं इथेच राहील. एक-दोघं काहीबाही बोलले. कुणी म्हणालं झोप कमी होते, कुणी म्हणालं देवाची कृपा आहे. आणि मग जोव्हिता बेल्हिका बोलायला लागली.

जोव्हिता पहिलीच्या वर्गाची. दुपारचा डबा ती आणि मारिसेल रोज एकत्र खायच्या. स्वतःचं दुखणं कुणाला कळू देणारी बाई नव्हती ती. पण त्या दिवशी तिचा बांध फुटला. गेल्या वर्षीच्या वादळात गाव शाळेत येऊन राहिलं होतं आणि जोव्हिता त्यांच्यासाठी पेज रांधत, म्हाताऱ्यांना उचलून माडीवर नेत तिथेच राबली होती. त्याच्या आदल्या दुपारी ती नदीकाठच्या घरांमध्ये फिरून सगळ्यांना शाळेत चला म्हणून विनवत होती. रेनान नावाच्या तिच्या एका विद्यार्थ्याचा बाप म्हणाला, उद्या येतो. तो उद्या उजाडला तेव्हा रेनान नव्हता. "हजेरी घेताना अजून माझी जीभ त्याच्या नावापाशी येते," जोव्हिता म्हणाली. "त्या दिवशी त्याला हाताला धरून का नाही आणलं मी? सकाळी पुलावरून तिचाकी रिक्षा जाते ना, तेव्हा कधी कधी वाटतं, ही माझ्यासकट खाली गेली तर बरं होईल."

असं म्हणून ती तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडायला लागली.

मारिसेलला तिचं रडणं समोर दिसत होतं. आणि तरी फोन धरलेला तिचा हात वर गेला. फलकाचा फोटो झाला होता, नाचाचा झाला होता, जेवणाचा आणि व्याख्यात्यांचा झाला होता. 'सहभागींचा प्रतिसाद' या मथळ्याखालचा पाचवा तेवढा राहिला होता. आमच्या हातांना ती सवयच जडली आहे. रोप लावलं की फोटो, पेज वाटली की फोटो, मेलेल्याला फुलं वाहिली तरी फोटो. ज्याचा फोटो नाही ते घडलंच नाही, असं आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं गेलंय. मारिसेलने बटण दाबलं आणि फोन खिशात टाकला.

संध्याकाळी तिने पाचही फोटो सिसिमो सरांकडे पाठवले. सरांनी ते शाळेच्या फेसबुक पानावर टाकले आणि जोव्हिताच्या फोटोखाली लिहिलं, 'आमच्या धाडसी शिक्षिकेने मन मोकळं केलं. मनःस्वास्थ्य दिन यशस्वी.' शेजारी तीन फुलं.

रविवारची प्रार्थना संपायच्या आत पुलाची ती गोष्ट रिक्षाथांब्यावर पोचली होती. म्हणे इथे बोललेलं इथेच राहील! फोटो होताच, त्याला आता तिखटमीठ मिळालं. सोमवारी सकाळी फाटकापाशी पहिलीच्या मुलांचे आईबाप गोळा झाले. सगळ्यांत पुढे रोदेल नावाचा रिक्षावाला. जिला नदीत जायचंय तिच्या हाती आम्ही पोरं कशी द्यायची, असं तो विचारत होता, आणि बाकीचे माना डोलावत होते.

सिसिमो सरांनी घाम पुसला आणि नेहमीसारखी सोपी वाट धरली. जोव्हिताला बोलावून सांगितलं, की तूर्त तिने वर्ग सोडून कोठारातली जुनी पुस्तकं मोजत बसावं. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला आणला की मग बघू.  जोव्हिताने छत्री घेतली, पिशवी घेतली आणि ती चालू पडली.

संतापाची गोष्ट अजून पुढेच आहे. तिची पाठ वळल्यावर सरांनी मारिसेलला थांबवून घेतलं. त्यांचा चेहरा खुलला होता. अधीक्षकांना तो फोटो फार आवडला होता, आणि पुढच्या महिन्यात सगळ्या तालुक्यांच्या सभेत पुंता आल्ताचा उपक्रम आदर्श म्हणून मांडायचा होता. मारिसेलनेच तो मांडायचा होता, पडद्यावर तोच फोटो मोठा करून. म्हणजे जिच्या रडण्याने शाळेला शाबासकी मिळाली, तिला त्याच रडण्यासाठी कोठारात कोंडायचं. मारिसेल "बरं सर" म्हणाली. तोंडातून तेवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी जोव्हिता शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलेना. तेव्हा शाळा सुटल्यासुटल्या मारिसेलने जोव्हिताचं घर गाठलं.

ओसरीवर मानाय सोली शेवग्याचा पाला निवडत बसली होती. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे मानाय म्हणतात, आणि सोली तर साऱ्या गावाची मानाय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तिला. मारिसेल आणि जोव्हिता दोघींना तिनेच शिकवलेलं, फाटकावर ओरडणाऱ्या निम्म्या आईबापांनाही. सोमवारपासून ती इथेच मुक्कामाला होती. जोव्हिताला एकटं सोडायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"जेवते का ती?" मारिसेलने हळूच विचारलं.

"चार घास. बस." मानायने पाल्यावरून नजर उचलली नाही. "तो फोटो कुणी काढला गं?"

"मी."

"का?"

"पाचवा राहिला होता, मानाय."

मानायने सूप खाली ठेवलं. "परत म्हण बघू एकदा. स्वतःच्या कानांनी ऐक."

 मारिसेल उलट सारवासारव करायला लागली. वरून आदेश होता, सरांनी मागितले होते, पानावर तिने नाही टाकला, आणि जोव्हिताने त्या पुलाचं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.

"बोलायला नको होतं?" मानायचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "अगं, बोलली म्हणून ती आज आत निजलीय. न बोलता गेली असती तर काय केलं असतंस? चर्चमध्ये पाप सांगायला जातेस तेव्हा मध्ये जाळी असते ना, पडदा असतो ना? पाप सांगायला पडदा, आणि दुःख सांगायला चव्हाटा? ही कुठली रीत काढलीत तुम्ही? तापाने फणफणलेल्या माणसाला कुणी नाचवतं का? त्याचा कण्हतानाचा फोटो काढून भिंतीवर लावतं का? तिला वेड लागलेलं नाही. तिला दुःख झालं, ते एवढे दिवस तिने गिळलं, आणि त्याचा आता आजार झालाय. आजाराला औषध असतं, डॉक्टर असतो. त्याला टाळ्या कशाला लागतात?"

मारिसेल म्हणाली, शहरातल्या इस्पितळात दर बुधवारी मनाची डॉक्टरीण येते, तिच्याकडे नेता येईल. मानाय खिन्न हसली. ती म्हणाली, की जोव्हिताला ते ठाऊक आहे, पण त्यासाठी रजा लागते, रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं, तो अर्ज कारकून वाचतो, सर वाचतात, आणि दुपारपर्यंत चहाची टपरी वाचते. म्हणून या गावातला एकही शिक्षक आजवर त्या बाईकडे गेलेला नाही. सगळे पोटदुखीची रजा घेतात.

तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं. जोव्हिता उभी होती, केस विस्कटलेले, अंगावर घरचा झगा.

"मारिसेल," ती म्हणाली, "त्या गोलात मी बाकी कुणाशी बोलत नव्हते. तुझ्याकडे बघून बोलत होते. मला वाटलं, तू उठून जवळ येशील. आणि तू फोन वर केलास."

एवढं बोलून तिने दार लोटलं. रागाने आपटलं असतं तरी चाललं असतं, इतकं हळू लोटलं. मारिसेलच्या थोबाडीत कुणी मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. बंद दारापुढे ती उभीच राहिली. सांत्वन करायला तोंड उघडावं तर कुठल्या तोंडाने?

घरी जायच्या आधी तिने शाळेच्या पानावरून तो फोटो काढून टाकला. पानाचा पासवर्ड तिच्याकडेही होता. मग फोनमधला काढला. सकाळी सिसिमो सर भडकले. अधीक्षक विचारतील त्यांना काय सांगू, म्हणून त्यांनी आकांडतांडव केलं. मारिसेलने शांतपणे सांगितलं, की तालुक्यांच्या सभेत ती काहीही मांडणार नाही. शुक्रवारी ठरलेल्या पालकसभेत मात्र तिला बोलायचं आहे.

शुक्रवारी वर्ग खच्चून भरला. सरांनी प्रास्ताविकातच जाहीर करून टाकलं, की पालकांच्या भावनांचा मान राखून पहिलीची शिक्षिका बदलण्यात येत आहे. लोक समाधानाने पुटपुटले. मग मारिसेल उभी राहिली. 

"तुम्ही ज्या फोटोवरून ओरडता आहात तो मी काढला," ती म्हणाली. "जोव्हिता मॅडमना न विचारता काढला. अहवालाला पाच हवे होते आणि चारच झाले होते, म्हणून काढला. आम्ही त्यांना सांगितलं होतं की इथलं इथेच राहील. आम्ही शब्द मोडला. शिक्षा करायची तर मला करा. त्यांचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेऊ नका."

रोदेल उठला. त्याचा आवाज आज कमी होता, पण प्रश्न तोच होता. "मॅडम, माझी पोरगी पहिलीत आहे. बाई म्हणते नदीत जावंसं वाटतं. बाप म्हणून मी काय समजायचं, सांगा."

"तिला मदत हवी आहे, असं समजायचं," मारिसेल म्हणाली. "असं ज्याला वाटतं तो बहुधा गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची भीती बाळगायची. जोव्हिता मॅडम बोलल्या, म्हणजे त्यांना जगायचं आहे. त्या डॉक्टरकडे जातील, बऱ्या होतील आणि परत येतील. तोवर त्यांचा वर्ग मी सांभाळीन. पण तो त्यांचाच राहील, हे आज ठरायला हवं. नाहीतर उद्या या शाळेतलं कुणीही तोंड उघडणार नाही."

कोपऱ्यातून काठीचा आवाज आला. मानाय सोली उभी राहत होती. "रोदेल," ती म्हणाली, आणि इतका दणकट रोदेल शाळकरी पोरासारखा सरळ झाला. "वादळात तुझ्या आईला पाठीवर घेऊन माडी कुणी चढवली?"

रोदेलने मान खाली घातली.

"विचारतेय मी."

"जोव्हिता मॅडमनी."

"तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मागितला होतास का रे?"

 रोदेल खाली बसला. मग मागच्या बाकावरून एक बाई उठली. ती आजवर कुठल्याच सभेत बोलली नव्हती. रेनानची आई होती ती, आणि तिची धाकटी याच वर्षी पहिलीत आली होती. "माझ्या रेनानचं नाव घरात कुणी काढत नाही," ती म्हणाली. "जोव्हिता मॅडम शाळेत रोज त्याची आठवण काढतात, हे मला माहीत नव्हतं. माझी पोरगी त्यांच्याच वर्गात राहील." नंतर कुणी विरोध केला नाही. वर्ग जोव्हिताचाच राहावा म्हणून रोदेलनेच सगळ्यांत आधी हात वर केला.

सभा पांगली. सिसिमो सर रिकाम्या बाकावर बसून होते. मारिसेल जायला निघाली तर त्यांनी हाक मारली आणि भिंतीकडे बघत सांगितलं, की वादळापासून त्यांनाही गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही. ती गोळी ते दुसऱ्या गावच्या दुकानातून आणतात. इथल्या दुकानदाराने ओळखलं तर मुख्याध्यापकाची किंमत काय राहील?

"मग सर, कोठारात तुम्हालाही पाठवायला हवं होतं," मारिसेल म्हणाली.

सर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी मारिसेल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिचा फोन पिशवीतच होता.

सोमवारी सरांनी दोन गोष्टी केल्या. डॉक्टरकडे जायचं असेल तर त्यांच्या शाळेत रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय' एवढाच शब्द पुरेल, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. आणि जुन्या पुस्तकांचं ते कोठार रिकामं करून घेतलं. त्यांनी इस्पितळात दहा खेटे घातले, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई महिन्यातून एका बुधवारी शाळेत येऊन त्या खोलीत बसायला तयार झाल्या. शिक्षक, स्वयंपाकीण, पहारेकरी, ज्याला हवं त्याने यावं, नको त्याने येऊ नये. हजेरी नाही. खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता, म्हणून मनःस्वास्थ्य दिनाचा तो फलक उलटा करून लावला. सरांचा हसरा चेहरा भिंतीकडे गेला, आणि सरांनी स्वतःच तो ठोकला.

जोव्हिता शहरात जात राहिली. मानाय तिच्याबरोबर जायची, आणि पुढे पुढे मारिसेलही. लगेच सगळं ठीक झालं असं नाही. मारिसेलशी पहिल्यासारखं बोलायलाही तिला वेळ लागला, आणि मारिसेलने तो वेळ मागितला नाही, दिला. पण पावसाळा सरता सरता एका सकाळी जोव्हिता पुलावरून रोदेलच्या रिक्षातून आली. रोदेलने भाडं घेतलं नाही. पहिलीच्या वर्गात तिने हजेरी घेतली, एका जागी क्षणभर थांबली, आणि पुढचं नाव घेतलं. दुपारी तिने डबा उघडून मारिसेलपुढे सरकवला.

आणि अधीक्षक कार्यालय? ते काय सुधारतंय! शाळेत डॉक्टरीण येते हे कळताच फर्मान आलंच, की उपक्रमाचा अहवाल आणि पुराव्यादाखल पाच फोटो पाठवा. मारिसेलने त्या बुधवारी पाच फोटो काढले. एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून, एक लांबून, एक जवळून. पाचही फोटो त्या खोलीच्या बंद दाराचे.

तासाभरात सिसिमो सरांना फोन आला. साहेब चिडले होते. यात आत काय चाललंय ते काहीच दिसत नाही, म्हणत होते. एरवी असा फोन आला की सर ताडकन उभे राहायचे. त्या दिवशी ते खुर्चीत नीट टेकून बसले.

"दिसत नाही ना, साहेब?" ते म्हणाले. "मग काम नीट चाललंय."

आपल्या मुलांना शिकवणारी माणसं आहेत, यंत्रं नव्हेत. तीही मोडतात, आणि मोडल्यावर त्यांना नाच, फलक आणि टाळ्या नको असतात. त्यांना हवं असतं एक बंद दार, ऐकायचं शिक्षण घेतलेलं एक माणूस, आणि बाहेर आल्यावर त्यांची जागा त्यांच्यासाठी तशीच ठेवलेली. एवढं ज्या गावाला देता येत नाही त्याने शिक्षक दिन साजरा करू नये.